समोरच्यांना सुधारायच्या आधी आपल्या ग्रुपवर तोंड उघडा: द्वेषातून बाहेर पडायची कामचलाऊ गाइड

आधीच सांगून टाकते, हे "सगळ्यांवर प्रेम करा, सगळे आपलेच" टाइप लिखाण नाहीये. कोणी प्रेम करा म्हटलं आणि लगेच आतून पाझर फुटला असं माझं तरी आजवर एकदाही झालेलं नाही. ज्या लोकांबद्दल लहानपणापासून काहीबाही कानावर पडत आलंय त्यांच्याबद्दल एकदम माया येणार तरी कुठून. पण वागणं ठरवून बदलता येतं, आणि वागणं बदललं की मन मागून रडतखडत का होईना येतं, एवढं मी स्वतःवर बघितलंय. म्हणून खाली आहेत त्या करायच्या गोष्टी आहेत.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. यातलं बरंचसं काम "त्यांच्याशी" नसतंच मुळी, आपल्याच लोकांशी असतं, म्हणजे आपलं घर, आपला ग्रुप, आपल्यासारखंच बोलणारे, आपण मत देतो त्यांनाच मत देणारे, आपल्याच बाजूचे. पलीकडच्या माणसाशी चार शब्द गोड बोलायला काही लागत नाही हो. आपल्या माणसांत बसून "हे काय बरोबर बोलला नाहीत" म्हणायला लागतं, तिथे जीभ टाळूला चिकटते.

आधी स्वतःची झडती

गट पडायला कारणच लागत नाही, ही गोष्ट पहिली डोक्यात घ्या. हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, त्याने ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांवर एक प्रयोग केला, १९७० मध्ये तो छापून आला. पोरांना पडद्यावर ठिपके दाखवले, किती असतील अंदाज सांगा म्हटलं, आणि मग सांगितलं की तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटातला, तू कमीवाल्यांच्या. खरं तर गट असेच, मनाला येतील तसे पाडलेले. पैसे कोणाला जाणार त्याचं नावसुद्धा सांगितलेलं नाही, फक्त तो कुठल्या गटातला एवढंच. मग त्यांना दुसऱ्या दोन पोरांमध्ये पैसे वाटायला सांगितले, स्वतःला त्यातून काही मिळणार नाही. तरी पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आणि खरी गंमत पुढे आहे, त्याच अभ्यासात चित्रांच्या आवडीचं निमित्त करून गट पाडले तेव्हा बऱ्याचदा त्यांनी आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे अशी वाटणी केली. ठिपक्यांवरून, चित्रांवरून! मग धर्म, जात, भाषा, पक्ष अशा गोष्टी, ज्यांच्यामागे शेकडो वर्षांचा इतिहास आणि खरीखुरी दुखणी आहेत, तिथे आपण किती सहज घसरत असू त्याचा विचार करा. मी तर म्हणेन आपण घसरतो हे धरूनच चाला, म्हणजे "मी तसली नाहीच" या भ्रमात वेळ जात नाही.

करायचं काय, तर आठवडाभर एक वही ठेवा, किंवा मोबाइलमधली नोट. "ते लोक" हे शब्द तोंडात किंवा मनात आले की लिहायचं: कोण लोक, काय म्हणाले मी त्यांच्याबद्दल, आणि हे मला माझ्या ओळखीच्या कुठल्या माणसावरून माहीत आहे. तिसरा रकाना महत्त्वाचा. माझा तिसरा रकाना जवळजवळ रिकामा निघाला. एकच नाव होतं आणि त्याच्यापुढे मीच लिहिलं होतं, "पण तो वेगळा आहे." नंतर ते वाचून मलाच कसंतरी झालं, कारण त्या लोकांतला मला माहीत असलेला एकुलता एक माणूस चांगला, आणि जे मला माहीतच नाहीत ते सगळे वाईट, असा माझा हिशोब होता.

दुसरी सवय, बातमी वाचताना नाव शेवटी बघा. गुन्ह्याची बातमी आली की आपला डोळा पहिला आडनावावर जातो, खोटं कशाला बोला. आपल्यातला निघाला की तो "डोकं फिरलेला एकटा माणूस" असतो आणि त्यांच्यातला निघाला की "हे सगळे असेच". बातमीतली नावं मनात उलटी करा, आणि मग तुमची प्रतिक्रिया तीच राहते का बघा. बहुतेकदा राहत नाही. मी अजूनही दर वेळी नापास होते पण निदान कळतं तरी की नापास झाले.

आणि हो, आपल्याला पलीकडची माणसं वाटतात त्यापेक्षा ती कमी टोकाची असतात. अमेरिकेत २०१९ मध्ये एक सर्व्हे झाला, दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विचारलं की समोरच्या पक्षातले किती लोक टोकाची मतं धरून असतील. दोन्हीकडच्यांनी जो आकडा सांगितला तो खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट होता. त्यातही जे लोक सतत बातम्या बघत होते त्यांचा अंदाज जास्त चुकला. (हे वाचल्यावर मी रात्रीची चर्चा बघणं बंद केलं, तब्येतीला पण बरं पडलं.)

फॉरवर्ड, आणि माझा मूर्खपणा

इथे मी स्वतःची एक गोष्ट सांगते कारण दुसऱ्यांना उपदेश करायला सगळे तयार असतात. काही वर्षांपूर्वी वातावरण तापलेलं होतं, मला एका ग्रुपवर जळत्या बसचा फोटो आला, खाली लिहिलेलं की आत्ताच घडलंय, त्यांनीच केलंय, जास्तीत जास्त शेअर करा. मी केला. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर पण केला, "काय चाललंय हे" असं वर लिहून. दहा मिनिटांनी त्या ग्रुपवर एक ओळ आली की अमुक अमुक यांनी ग्रुप सोडला. तो पलीकडच्या समाजातला, आमच्याच बॅचचा, परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्या नोट्सवर मी पास झाले तो. मी फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "तू पण?" आणि ठेवला.

फोटो नंतर शोधला तर भलत्याच देशातला आणि कितीतरी वर्षं जुना निघाला. शोधायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी आधी दिली असती तर, असो.

तर कामाचं सांगते. रागाने हात शिवशिवला की तोच सिग्नल समजा, कारण तो मेसेज तुम्हाला राग यावा म्हणूनच बनवलेला असतो. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला म्हणजे तो खूप हातांतून फिरून आलाय, तुमच्या ओळखीच्या माणसाने पाठवला म्हणून तो त्याने बघितलेला नसतो. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका (तोच फोटो आधी कुठे आलाय ते दाखवतं), व्हिडिओ असेल तर त्यातला एखादा स्पष्ट क्षण थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि तो टाका, दुकानाची पाटी, गाडीची नंबर प्लेट, पोलिसांचा युनिफॉर्म, लोक बोलतायत ती भाषा, यावरून बऱ्याचदा कळतं की हे आपल्याकडचं नाहीच. काहीच कळलं नाही तर पाठवू नका, इतकं साधं आहे, तुम्ही काही न्यूज एजन्सी नाही की तुमच्यावाचून जग अडलंय. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या बातम्यांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला होता, त्यात खोटी बातमी रीट्वीट व्हायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ते काम बॉट्सचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांचं, कमी आणि तुमच्या-माझ्यासारख्या माणसांचं जास्त होतं.

आणि चूक झालीच असेल तर ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं त्या त्या ग्रुपवर परत जाऊन लिहायचं. नुसतं डिलीट करून सटकायचं नाही. मी लिहिलं होतं: "मी पाठवलेला बसचा फोटो खोटा आहे, जुना आहे, दुसऱ्या देशातला आहे. मी तपासला नाही, माझी चूक." लाज वाटली, दोघातिघांनी थट्टा पण केली, "एवढं काय त्यात" म्हणून. तो मित्र ग्रुपवर परत आला नाही. फोन मात्र उचलतो आता.

शब्द

थोडक्यात सांगते पण हे हलकं घेऊ नका. आफ्रिकेतल्या रवांडा देशात जुलै १९९३ ला आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. गाणी, गप्पा, जोक, तरुण पोरांना आवडेल असं. त्याच गप्पांमध्ये तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना "इन्येंझी" म्हणायचे, म्हणजे झुरळं. १९९४ च्या एप्रिलपासून साधारण १०० दिवसांत तिथे लाखो माणसं मारली गेली, नेहमी सांगितला जाणारा आकडा ८ लाखांच्या आसपासचा आहे, आणि मारणाऱ्यांत शेजारीपाजारी पण होते. नुसत्या रेडिओने हे झालं असं कोणी म्हणत नाही, सरकार, सैन्य, हत्यारबंद टोळ्या सगळं होतं. पण माणसाला झुरळ म्हणायची सवय आधी लावून ठेवलेली होती.

म्हणून माझा नियम एकच: माणसाला किडा, जनावर, रोग, घाण म्हटलेलं दिसलं की तिथे थांबायचं. मग बोलणारा आपल्या बाजूचा असो, मुद्दा खरा असो, जोक असो. राग त्याच्या कामावर काढा, धोरणावर काढा, वाट्टेल तेवढं भांडा, पण त्याला माणसांच्या यादीतून काढू नका. घरात पोरं असतील तर डबल काळजी, ती शब्द उचलतात आणि शाळेत जाऊन वापरतात, आणि मग शाळेतून फोन येतो तेव्हा आपण विचारतो की हे कुठून शिकलास रे.

काकांना फोन

आता मूळ काम. आपल्या माणसाने ग्रुपवर विष टाकलं की करायचं काय.

मी आधी दोनच गोष्टी करायचे. एकतर गप्प बसायचे, नाहीतर तिथेच लांबलचक रिप्लाय लिहून, लिंका टाकून त्या माणसाला सगळ्यांसमोर आडवा करायचे. दुसऱ्यात मजा येते हे कबूल. पण सगळ्यांसमोर आडवा झालेला माणूस आपलं मत बदलत नाही, तो फक्त तुमचा फोन घ्यायचा बंद होतो.

माझ्या एका काकांनी असाच एक व्हिडिओ टाकला होता, खाली ओळ: "यांना यांची जागा दाखवलीच पाहिजे." ग्रुपवर मी एकच वाक्य लिहिलं, "काका, हे मला पटलं नाही, फोन करते." हे लिहिणं गरजेचं, ते का ते पुढे सांगते. मग फोन लावला.

"काका, व्हिडिओ बघितला. एवढा राग कशाचा आला तुम्हाला?"

"राग नको येऊ दे? बघितलंस ना काय चाललंय?"

"बघितलं. पण तुम्ही सहसा असलं काही टाकत नाही, म्हणून विचारलं."

पुढची वीसेक मिनिटं तेच बोलले. मी फोन स्पीकरवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालत बसले, मुद्दाम, कारण हात मोकळे असले की मी मधे बोलते. व्हिडिओबद्दल ते फार तर दोन मिनिटं बोलले असतील. बाकी सगळं मुलाची नोकरी गेली, सोसायटीत आता कोणी ओळख देत नाही, आपण म्हातारे झालो की आपलं कोण, हे. मग मी विचारलं, "काका, तुम्हाला कधी कोणी नुसत्या नावावरून हाकललंय का?"

बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग सांगायला लागले, बावीस वर्षांचे असताना पहिल्या नोकरीसाठी परक्या शहरात गेले होते, खोली बघायला गेले, मालकिणीने सगळं दाखवलं, भाडं ठरलं, आणि मग आडनाव विचारलं. ऐकून म्हणाली खोली द्यायची नाहीये. तीन रात्री एसटी स्टँडवर बॅग उशाला घेऊन झोपले.

"अजून आठवतं तुम्हाला?"

"दाराचा रंगसुद्धा आठवतो. हिरवं होतं."

इथे मला भयंकर मोह झाला होता म्हणायचा की बघा, मग तुम्ही पण आज तेच करताय ना. नाही म्हटलं. जीभ चावली अक्षरशः. थोड्या वेळाने तेच "हं" म्हणाले, "चल ठेवतो" म्हणाले आणि ठेवला. व्हिडिओ डिलीट बिलीट काही केला नाही त्या दिवशी.

ही पद्धत मी शोधलेली नाही. मायामीमध्ये काही कार्यकर्ते घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर असंच बोलायचे, वाद न घालता, समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव विचारून, की तुम्हाला कधी वेगळे म्हणून कोणी नाकारलं होतं का. ब्रूकमन आणि काला या दोन संशोधकांनी ते मोजलं, २०१६ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आलं: साधारण १० मिनिटांच्या अशा एका गप्पेने लोकांचा पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनी पण तो फरक टिकून होता. सगळ्यांचा नाही, पण झाला. आकडेवारी तोंडावर मारून असं होताना मी तरी बघितलेलं नाही.

फोनवर बोलताना काही गोष्टी माझ्या उपयोगाला आल्या. पहिलं वाक्य प्रश्न असू द्या, आणि खरा प्रश्न, उलटतपासणी नको. स्वतःची चूक आधी सांगा, मी बसच्या फोटोची गोष्ट बऱ्याच जणांना सांगते, त्याने समोरचा सैल होतो. जिंकायचं नाही हे आधीच ठरवा. आणि एका फोनमध्ये एकच विषय, सगळा इतिहास त्याच दिवशी मिटवायला जाऊ नका.

आता ग्रुपवर ते एक वाक्य का लिहायचं ते. रवांडातच पुढे २००४ पासून "मुसेकेवेया" नावाची रेडिओ मालिका सुरू झाली, दोन गावांच्या भांडणाची आणि त्यातून बाहेर पडण्याची गोष्ट. एलिझाबेथ पालक या संशोधिकेने वर्षभर ऐकणाऱ्यांचा अभ्यास केला, तो २००९ ला आला. निघालं असं की लोकांची आतली मतं फारशी बदलली नव्हती. बदललं होतं ते "आपल्यात काय चालतं, काय चालत नाही" याबद्दलचं त्यांचं मत, आणि त्याप्रमाणे वागणं. म्हणजे बघा, माणूस स्वतःला काय वाटतं यापेक्षा आजूबाजूच्यांना काय चालेल हे बघून वागतो. तुमच्या ग्रुपवर चाळीस जण आहेत, विष टाकणारे दोन, आणि बाकी अडतीस गप्प. त्या अडतीसांपैकी प्रत्येकाला वाटतं उरलेले सगळे सहमत आहेत. तुम्ही एक वाक्य लिहिलंत की ते गणित मोडतं. वाद नको, लेक्चर नको, "मला पटलं नाही" एवढंच. मग पर्सनलवर दोन-तीन मेसेज येतात, बरं झालं बोललीस म्हणून. हे मला दर वेळी आलेत. (ग्रुपवर लिहायला काय झालं होतं रे तुम्हाला, असं दर वेळी वाटतं, पण मी पण वर्षानुवर्षं तीच होते.)

ओळख, पण नुसती नाही

आता पलीकडच्यांकडे. "एकमेकांच्या सणाला जा, एकत्र जेवा" हा सल्ला सगळे देतात, वाईट नाही, पण पुरत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचा कॅम्प भरवला होता. मुलं सगळी एकसारख्या घरांतली, दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री खोल्यांवर धाड घालणं इथवर प्रकरण गेलं. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. झालं काय, तर जेवण एकमेकांच्या अंगावर फेकलं. जमलं कधी, तर कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांनी मिळून बिघाड शोधायला लागला, आणि सामानाचा ट्रक बंद पडला तेव्हा दोन्ही गटांनी मिळून तो दोराने ओढला. तोच दोर, ज्याने त्यांनी आधी एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळली होती. या अडचणी अर्थात संशोधकांनीच घडवून आणल्या होत्या, आणि मुलांना भडकवण्यात पण त्यांचा हात होता म्हणून या प्रयोगावर टीका झाली, ती बरोबरच आहे. पण मला सगळ्यात आवडते ती याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. १९५३ ला असाच एक कॅम्प न्यूयॉर्क राज्यात भरवला होता आणि तो फसला, पोरं भांडेनातच! तिथे मुलांना गट पाडायच्या आधी एकमेकांशी दोस्ती करायला मिळाली होती.

म्हणजे दोन गोष्टी. ओळख आधी पाहिजे, पेटल्यावर नाही. आणि एकत्र काम पाहिजे, जे एकट्या कुठल्याच बाजूला जमणार नाही. पाण्याची लाइन, कचऱ्याची गाडी, रक्तदान, मुलांची टीम, वाचनालय, अभ्यासिका, काहीही. त्याला "ऐक्य संमेलन" असलं नाव देऊ नका, दिलंत की तिथे फक्त आधीच ऐक्य असलेले लोक येतात. कामाचं नाव द्या.

भिवंडीचं उदाहरण आपल्याकडे आहेच. १९७० आणि १९८४, दोन मोठ्या दंगली बघितलेलं शहर. नंतर तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांतली त्याच भागातली साधी माणसं आणि सोबत पोलीस, नियमित बैठका, बारीकसारीक भांडणं तिथल्या तिथे. १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. राजकारणाचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या जोड्या लावून, म्हणजे दंगली होणारं एक आणि न होणारं एक अशा, अभ्यास केला होता, त्यांचंही निरीक्षण हेच की शहर मोठं असलं की शेजारीपाजारी नुसतं जाणंयेणं वादळात टिकत नाही, व्यापारी संघटना, कामगार युनियन, क्लब अशा ठिकाणी दोन्हीकडची माणसं एकत्र बांधलेली असली तर टिकतं. कारण तिथे पैसा, काम, रोजचा व्यवहार अडकलेला असतो, एकमेकांचे नंबर असतात आणि रात्री दोनला फोन केला तर उचलणारा माणूस असतो.

आणि अपेक्षा बेताच्या ठेवा. इराकमध्ये आयसिसच्या काळानंतर सलमा मूसा या संशोधिकेने विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या काही फुटबॉल टीममध्ये मुस्लिम खेळाडू घातले, काहींमध्ये नाही, आणि फरक मोजला, २०२० ला तो छापून आला. मिश्र टीममधले खेळाडू पुढच्या सीझनला मिश्र टीममध्ये खेळायला तयार झाले, सहा महिन्यांनी पण मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं वागणं फारसं बदललं नाही. हे वाचून मी आधी हिरमुसले होते. आता वाटतं, जिथे काही नव्हतं तिथे एक टीम झाली ना, मग अजून एक टीम काढा.

पेटलंय तेव्हा

पहिल्या काही तासांत फक्त तीन कामं. फॉरवर्ड बंद, अगदी खरं असलं तरी बंद, कारण त्या वेळी खऱ्यानेही पेटतं. ओळखीच्या पलीकडच्या माणसाला फोन, "ठीक आहेस ना, काही लागलं तर सांग", बस. "तुमच्या लोकांनी असं का केलं" हे विचारायचं नाही आणि "तू निषेध का केला नाहीस" हे तर मुळीच नाही, त्याने काय त्यांचा ठेका घेतलाय का, तुम्ही घेता का तुमच्यातल्या प्रत्येक गुंडाचा? आणि तिसरं, प्रत्यक्ष कुठे जमाव जमताना किंवा धमकी दिसली तर पोलिसांना कळवा, मधे पडायचा शहाणपणा एकट्याने करू नका.

कोणी काय करायचं नाही

ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला जाऊन "सोडून दे, प्रेमाने घे" सांगायचं नाही. हे मी फार बघते आणि माझं डोकं फिरतं. ज्याचं घर जळलं त्याने पहिलं पाऊल टाकायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, वा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाची राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला, लोकांना त्यातलं "समेट" आठवतं, "सत्य" विसरतात. माफी हवी असेल तर काय काय केलं ते सगळं उघड सांगायची अट होती. सात हजारांवर अर्ज आले आणि माफी मिळाली त्यातल्या थोड्याच जणांना. तरी पीडितांच्या भरपाईचं पुरेसं झालं नाही ही तक्रार तिथे आजही आहे. तर एकी म्हणजे हिशोब बुडवणं नाही, कोर्टकचेरी चालू द्या, भांडण चालू द्या, फक्त एकाच्या गुन्ह्याचं बिल सगळ्या जमातीवर फाडू नका.

तसंच, तुम्हाला ज्याची भीती वाटते, जो धमक्या देतो, त्याच्याशी संवाद साधायला जायची काही गरज नाही. ब्लॉक करा, तक्रार करा. आणि दमलात तर सुट्टी घ्या, मी पण ग्रुप महिना महिना म्यूट करते.

काकांचं राहिलं. त्या फोननंतर दोनेक महिने शांतता होती आणि मग परत एक व्हिडिओ आला, तसलाच. मी वैतागून टाइप करायला घेतलं, "काका, परत?" एवढं लिहिलं असेल नसेल, तेवढ्यात माझ्या चुलतभावाचा मेसेज पडला, जो या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांशिवाय आजवर एक शब्द बोललेला नाही. "काका, हा कधीचा आहे? कुठला आहे?"

बराच वेळ काका टाइप करतायत असं दिसत राहिलं. मग आलं, "बघतो." आणि अर्ध्या तासाने व्हिडिओच्या जागी, "हा मेसेज डिलीट केला आहे." मी माझं टाइप केलेलं पुसून टाकलं.